गोळ्यांनी दुखायचं थांबलं, मग ऑपरेशन कशाला?

प्रश्न थोडक्यात: सोलापूर जिल्ह्यातल्या एका मुलीचं पत्र आलंय, वय २६. वडील ५३ वर्षांचे, टेम्पो चालवतात, वीसेक वर्षं मावा खाल्ला. उजव्या गालात आतून जखम झाली, तीन महिने भरलीच नाही, तुकडा तपासला तर कॅन्सर निघाला. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात सगळे स्कॅन झाले, डॉक्टर म्हणाले ऑपरेशन होण्यासारखं आहे पण नंबर पाच आठवड्यांनी लागेल. तोवर म्हणून दोन गोळ्या दिल्या, एक आठवड्यातून एकदाच घ्यायची, दुसरी रोज सकाळ-संध्याकाळ. तीन आठवड्यांत दुखणं बरंच उतरलं, अण्णा भाकरी कुस्करून खायला लागले. आता अण्णा म्हणतायत गोळ्यांनीच बरं होतंय तर जबडा कापून कशाला घ्यायचा. धाकट्या काकांनी मोबाइलवर बातमी दाखवली की टाटाच्या डॉक्टरांनी सिद्ध केलंय, गोळ्या सलाईनच्या केमोपेक्षा भारी. आत्याचं अगदी उलटं, ती म्हणते ही सांधेदुखीची गोळी आहे, गरिबाला गुंडाळायला दिलीय, शेत गहाण टाकू पण पुण्यात प्रायव्हेटला 'खरी' केमो करू. मुलगी विचारते, कुणाचं ऐकू, आणि तारीख थोडी पुढे ढकलली तर चालेल का?

उत्तर:

तुला 'तू' म्हणते, चालेल ना, माझी भाची तुझ्याच वयाची आहे. आणि आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. कॅन्सर हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात २१ वर्षं काढली, म्हणजे ओपीडीत डॉक्टर दोन मिनिटं बोलून पुढच्या पेशंटकडे वळले की माणसं फाईल छातीशी धरून ज्या टेबलापाशी यायची, त्या टेबलामागे मी बसायचे. त्यामुळे डोस माझ्याकडून ठरवून घेऊ नकोस, पण घरात जे चाललंय ना तुमच्या, ते मी इतक्या वेळा ऐकलंय की काका आणि आत्या दोघांचे आवाजही माझ्या कानात आहेत.

तारीख पुढे ढकलू नको. आधी हे सांगून टाकलं म्हणजे बाकीचं निवांत बोलता येईल.

आता एक कर, ही चिठ्ठी वाचता वाचताच उठ आणि औषधाची पिशवी आण. रोज दोनदा घ्यायच्या गोळीच्या पाकिटामागे बारीक अक्षरात काय लिहिलंय बघ. तू सांगितलेल्या वर्णनावरून ते सेलेकॉक्सिब असणार, बहुतेक २०० मिलिग्रॅमचं. आठवड्यातून एकदावाली असणार मेथोट्रेक्सेट. तोंडाच्या कॅन्सरला ऑपरेशनची वाट बघताना आपल्याकडे हीच जोडी देतात. आणि सेलेकॉक्सिब म्हणजे काय तर मुळात दुखण्याची, सुजेची गोळी. गुडघे धरलेल्या माणसाला डॉक्टर देतात तीच. कॅन्सरमध्ये ती देण्यामागे अजूनही कारण आहे, ते पुढे सांगते, पण अण्णा ती दिवसातून दोनदा घेतायत, तीन आठवडे, तर दुखणं उतरणारच ना, ते तर तिचं कामच आहे! त्यावरून आतला रोग किती हटला हे कळत नाही. कदाचित हटलाही असेल थोडा, काही जणांची गाठ खरंच लहान होते, जखम सुकते, तोंड जरा जास्त उघडतं. पण गालाच्या आत आरशात दिसतं तेवढाच रोग नसतो, तो खाली जबड्याच्या हाडाकडे, मागे स्नायूंत, मानेतल्या गाठींत कुठवर गेलाय हे स्कॅनमध्ये बघून डॉक्टरांनी ऑपरेशन ठरवलंय. वरची जखम सुकली म्हणजे मूळ गेलं असं होत नाही. ऊस तोडला तरी खोडवा येतोच की.

एक मुकादम होते, ऊसतोडीचे, नगरकडचे. त्यांनाही अशाच गोळ्या दिल्या होत्या, जखम छान सुकली. तारीख आली तेव्हा गावची जत्रा होती म्हणून राहिले, मग म्हणाले दिवाळी होऊ दे. आले ते मार्गशीर्षात. मी त्यांना तोंड उघडा म्हणलं तर एक बोट आडवं जाईल एवढंच उघडत होतं, आधी दोन जायची. रोग जबड्याच्या मागून वर चढला होता, सर्जननी फाईल मिटली आणि ऑपरेशन आता नाही म्हणून सांगितलं. माझ्या टेबलापाशी येऊन बसले आणि एवढंच म्हणाले, "ताई, दुखतच नव्हतं ओ." तुझं पत्र वाचताना मला तेच आठवत होतं, म्हणून जरा जोरात लिहितेय, रागावू नको.

काकांची बातमी खोटी नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय, नाहीतर उद्या ते तुला ती पुन्हा दाखवतील आणि तू गप्प बसशील. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये खरंच असा अभ्यास झाला, २०२० मध्ये तो लॅन्सेटच्या जर्नलमध्ये छापून आला. ४२२ पेशंट घेतले, अर्ध्यांना सलाईनमधून सिस्प्लॅटिन नावाची केमो, अर्ध्यांना ह्याच दोन गोळ्या, मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब. गोळीवाल्यांचं आयुष्य जास्त निघालं आणि त्रासही कमी झाला. पण काकांना विचार, पेशंट कोण होते? ते असे होते ज्यांचा रोग ऑपरेशन किंवा रेडिएशननी बरा करण्याच्या पलीकडे गेला होता. म्हणजे फक्त आयुष्य वाढवणं आणि त्रास कमी करणं एवढंच हातात होतं. आणि आकडा किती? सलाईनवाल्यांचं मधलं आयुष्य ६.१ महिने, गोळ्यावाल्यांचं ७.५ महिने. मधलं म्हणजे निम्मे त्याच्या आत गेले, निम्मे त्याच्यापुढे जगले. त्या माणसांसाठी हा दीड महिना लाखमोलाचा, आणि तोही घरी राहून, सुई न टोचून घेता. पण अण्णा त्या रांगेत नाहीयेत गं. अण्णांना सर्जन म्हणालेत की काढता येतंय. ज्यांना हे वाक्य ऐकायला मिळत नाही त्यांची बातमी दाखवून काका, ज्याला मिळालंय त्याचंच ऑपरेशन थांबवायला निघालेत. हे त्यांना नीट, शांतपणे, चहा देऊन सांग. काका वाईट नाहीत, घाबरलेत.

मग ऑपरेशनच्या आधी ह्या गोळ्या का देतात? तर ही कल्पना आपल्याकडच्या गर्दीतूनच पुढे आली असं म्हणायला हरकत नाही. मोठ्या सरकारी, ट्रस्टच्या हॉस्पिटलांत ऑपरेशन थिएटर थोडी, पेशंट अमाप, आणि तोंडाचा कॅन्सर काही नंबर लागेपर्यंत थांबत नाही. तर मधल्या आठवड्यांत तो वाढू नये म्हणून सौम्य डोस सतत चालू ठेवायचा. ह्याला मेट्रोनोमिक म्हणतात, गाणं शिकणाऱ्यांकडे टिकटिक करून लय धरणारं यंत्र असतं ना, त्यावरून. मोठ्या केमोत तीन आठवड्यांतून एकदा जबर तडाखा देतात आणि मग शरीर सावरायला वेळ सोडतात, त्या वेळात गाठही थोडी सावरते. ह्यात तडाखा नाही, टिकटिक आहे. गाठीला वाढायला नव्या रक्तवाहिन्या लागतात, हे जूडा फोकमन नावाच्या अमेरिकन सर्जननी १९७१ मध्ये मांडलं होतं, आणि त्या कोवळ्या रक्तवाहिन्यांना असा थोडाथोडा पण सतत दिलेला डोस नडतो असा ह्यामागचा विचार. सेलेकॉक्सिब त्याच्याच जोडीला, ते सूज वाढवणाऱ्या ज्या एन्झाइमला अडवतं त्याचा गाठीच्या वाढीलाही हातभार असतो. टाटामध्येच ऑपरेशनची वाट बघणाऱ्यांना हे देऊन बघितलं, २०१३ मध्ये त्याचे निकाल आले, ते आशा वाटावी असेच होते. मात्र ती तुलना आधीच्या सारख्या पेशंटशी जोड्या लावून केलेली होती, चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडावेत तशी नाही, म्हणून त्यावरून ऑपरेशनआधी गोळ्या दिल्या की सगळ्यांचं आयुष्य वाढतं असं कोणी छातीठोक म्हणू नये. आणि हे सगळं मानलं तरी त्या पेशंटचंही पुढे ऑपरेशन झालंच होतं, गोळ्या ऑपरेशनच्या जागी नव्हत्या. शेताला पाणी द्यायची पाळी येईपर्यंत बांध धरून ठेवावा तसं आहे ते.

आता आत्या. आत्याचं बोलणं मला जास्त लागलं, कारण त्यात अपमान आहे, आपण गरीब म्हणून आपल्याला स्वस्तातलं दिलं, आणि हा अपमान काही हवेतून आलेला नसतो, रांगेत उभं राहून राहून माणसाला तो चिकटतो. पण ह्या बाबतीत ती चुकतेय. मेथोट्रेक्सेट स्वस्त आहे कारण ते जुनं आहे. ते ज्या लेडर्ले लॅबोरेटरीत तयार झालं तिथे संशोधनाचे प्रमुख होते यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे, गरिबीतून वर आलेले. त्यांच्याच टीमनं केलेलं ह्याचं भावंड औषध वापरून १९४८ मध्ये अमेरिकेत सिडनी फार्बर यांनी ब्लड कॅन्सरच्या मुलांचा आजार, तात्पुरता का होईना, मागे रेटून दाखवला. म्हणजे कॅन्सरच्या केमोची सुरुवात जिथून झाली त्यातलं हे औषध. सांधेदुखीला ते नंतर वापरायला लागले. तेव्हा आत्याला म्हणावं, मेथोट्रेक्सेट ही सांधेदुखीची गोळी कॅन्सरला दिलेली नाही, कॅन्सरची गोळी सांधेदुखीवाल्यांनी उसनी नेलीय.

आणि 'खरी केमो आधी' हे? शांघायमध्ये ऑपरेशन होण्यासारख्या तोंडाच्या कॅन्सरच्या २५६ पेशंटवर हे करून बघितलंय, २०१३ मध्ये छापून आलं. निम्म्यांना आधी तीन औषधांची जबर केमो, मग ऑपरेशन आणि रेडिएशन, उरलेल्यांना सरळ ऑपरेशन आणि मग रेडिएशन. एकूण जगण्यात फरक पडला नाही. ज्यांचं ऑपरेशन आत्ता शक्यच नाही, गाठ जरा आक्रसली तर होईल, अशांना आधी केमो देतात, तो वेगळा हिशेब, तिथे तिचा उपयोग आहे. अण्णांच्या फाईलवर तसं लिहिलंय का? तू पाठवलेल्या मजकुरात तर नाही. मग शेत कशासाठी गहाण टाकायचं? पैसा टाकायचाच असेल तर वेळ विकत घेण्यात टाका, म्हणजे दुसऱ्या चांगल्या कॅन्सर सेंटरला तेच ऑपरेशन पंधरा दिवस आधी मिळत असेल तर विचारा. मात्र तिथला सर्जन असली ऑपरेशनं आठवड्याला करतो की वर्षाला दोन, हे विचारल्याशिवाय नको. त्याआधी रेशनकार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भेट, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन आणि रेडिएशन बसतं, कुठल्या हॉस्पिटलात बसेल ते तो सांगेल.

हे सगळं काका-आत्याचं झालं. पण मला खरा प्रश्न अण्णांचा वाटतोय. 'जबडा कापून कशाला घ्यायचा', हे वाक्य तू पत्रात सहज लिहून गेलीस. मला नाही वाटत अण्णांना गोळ्यांवर एवढा विश्वास आहे. त्यांना ऑपरेशनची भीती आहे, आणि गोळ्यांनी त्यांना एक चांगलं कारण मिळवून दिलंय. टेम्पो चालवणारा माणूस, नाक्यावर चार माणसांत बसणारा, उद्या तोंड वाकडं दिसलं, बोलणं समजलं नाही, चहा ओठातून गळला तर? हे त्यांना कोणी विचारलंय का? तू विचार. मुलींशी बाप बोलतात, मी बघितलंय, फक्त सगळ्यांसमोर नाही, टेम्पोत शेजारी बसून विचार, समोर बघत बोलता येतं म्हणून. आणि मग सर्जनला त्यांच्यादेखत विचार की नक्की किती हाड जाणार, कड की आरपार, मांस कुठून आणून लावणार, छातीचं की पायाचं, नाकातली नळी किती दिवस. मानेच्या गाठी काढणार म्हणतील, त्याला घाबरू नका. रोग सुरुवातीच्या टप्प्यात असून मानेत गाठ लागत नसली तरी ऑपरेशनच्या वेळीच मान साफ केली तर जास्त माणसं जगतात हेही टाटाच्याच डॉक्टरांनी २०१५ मध्ये दाखवून दिलंय, तीन वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ८० टक्के, आणि गाठ दिसल्यावर मग करू म्हणून थांबलेल्यांत ६७.५. आणि ओपीडीच्या नर्सला सांग की ह्यांच्यासारखं ऑपरेशन होऊन वर्ष झालेला कोणीतरी फॉलोअपला येतो त्याच्याशी पाच मिनिटं गाठ घालून द्या. माझ्या टेबलापाशी दहा पानी माहितीनं जे व्हायचं नाही ते अशा पाच मिनिटांत व्हायचं. एक रिक्षावाले तर येऊन बाकीच्यांना स्वतःचा गाल हात लावून बघायला द्यायचे.

आता गोळ्यांचं, आणि हे तुझ्यासारख्या प्रत्येक घरानी वाचावं, कारण मी इथे माणसं जाताना बघितलीयेत, रोगानं नाही, गोळीच्या घोळानं. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. एकदाच म्हणजे एकाच दिवशी. ह्याचा डोस अंगाच्या मापावर असतो, बारीक गोळ्या दिल्या असतील तर एका वेळी सहा-सात-नऊ सुद्धा घ्यायच्या असतात, आणि मग घरातलं कोणीतरी शहाणं माणूस म्हणतं एवढ्या एकदम कशाला, रोज एक देऊ. नको! रोज गेली की रक्त तयार होणंच बंद पडतं, तोंडभर फोड येतात, माणूस दगावतो. वार ठरव, कॅलेंडरवर त्या वारापुढे गोळ्यांचा आकडा लिही, दिल्यावर काट मार, आणि ते पाकीट अण्णांच्या रोजच्या डब्यात ठेवूच नको, तुझ्या कपाटात ठेव. वार चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट द्यायची नाही, फोन करून विचारायचं. फॉलिक ॲसिड लिहून दिलं असेल तर ते कुठल्या वारी द्यायचं हेही त्याच कॅलेंडरवर.

सेलेकॉक्सिब चालू असताना वरून गावातल्या डॉक्टरची दुखण्याची सुई, कॉम्बिफ्लाम, डायक्लो असलं काही नको, पोटात रक्तस्राव होतो, किडनीवर येतं. किडनी मंदावली की मेथोट्रेक्सेट अंगातून बाहेर पडत नाही आणि त्याच डोसचं विष होतं, म्हणून अण्णा खात-पीत नसतील, जुलाब लागले असतील तर गोळी देण्याआधी फोन. सर्दी-खोकल्याला कोणी सेप्ट्रान नावाचं अँटिबायोटिक दिलं तर तेही ह्या गोळीबरोबर चालत नाही, मेडिकलवाल्याला पाकीट दाखवूनच औषध घे. दारू असेल तर बंद, लिव्हर. हार्टचा त्रास, अल्सर, सल्फाची ॲलर्जी ह्यातलं काही अण्णांना असेल आणि ओपीडीत सांगायचं राहिलं असेल, तर उद्याच सांग. रक्ताची तपासणी, किडनीचं क्रिएटिनिन, लिव्हरचे रिपोर्ट ठरल्या दिवशी करायचे, 'बरं वाटतंय' म्हणून सोडायचे नाहीत. ताप १००.४ च्या वर गेला, नवे फोड येऊन पाणीही गिळवेना, शौचाला डांबरासारखी काळी झाली, डोळे पिवळे, कोरडा खोकला आणि धाप, ह्यातलं एक जरी झालं तरी रात्र काढू नका.

आणि उलट बाजूही बघ. काहींना ह्या गोळ्या लागूच पडत नाहीत. दर रविवारी अण्णांना तोंड उघडायला सांग, त्यांचीच बोटं एकावर एक धरून दातांमध्ये उभी किती बसतात ते लिहून ठेव, आणि मोबाइलच्या टॉर्चनी गालाचा फोटो काढ, त्याच अंतरावरून. बोटं कमी झाली, मानेत गाठ मोठी वाटली, बाहेरून गालाची कातडी लाल-कडक झाली किंवा जखमेतून ताजं रक्त आलं, तर तारखेची वाट बघत बसू नको, फोटो घेऊन थेट ओपीडी गाठ. ऑपरेशनच्या किती दिवस आधी गोळ्या थांबवायच्या हे तेच सांगतील, आपल्या मनानी नाही. आणि दातांच्या डॉक्टरला आत्ताच दाखवा, पुढे रेडिएशन लागलं तर खराब दात त्याआधी काढावे लागतात, नंतर काढले तर जबड्याच्या हाडाला इजा होते.

मावा सुटलाय का हे तू लिहिलं नाहीस. लिहिलं नाहीस म्हणजे सुटलेला नसणार! राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि मावा चौकाचौकात घोटून मिळतो, ह्यावर मी बोलायला लागले तर सदर संपेल. अण्णांना ओरडू नको, १८०० ११२ ३५६ हा तंबाखू सोडण्याचा सरकारी फुकट नंबर आहे, तो त्यांच्याच फोनवरून त्यांनाच लावू दे.

सोमवारी सकाळी वॉर्डला फोन कर, तारीख पक्की आहे ना विचार, भूलतज्ज्ञांची तपासणी आणि रक्त द्यायला किती माणसं लागतील ते विचार. रक्त द्यायला काकांना ने. त्यांना काहीतरी करायचंय, म्हणून ते बातम्या वाचत बसलेत.

अजून एक, तुझ्या पत्रात अगदी शेवटी एक ओळ आहे, 'आई सकाळी मिश्री लावत बसते आणि रडते.' मुंबईला जाल तेव्हा आईलाही बरोबर ने, आणि त्याच ओपीडीत तिचंही तोंड उघडून दाखव.